साखरपुड्याची अंगठी: सोनं किती कॅरेटचं, आणि हिऱ्याला कोंदण कोणतं?

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्याच गर्दीत आम्ही घरची सहा माणसं भाचीच्या साखरपुड्याची अंगठी बघायला गेलो आणि पहिल्या दहा मिनिटांतच दोन तट पडले. भाचीला हिऱ्याची अंगठी हवी होती. पेढीवरचा माणूस म्हणाला, हिरा अठरा कॅरेटमध्येच नीट बसतो. भाचीची आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, अमळनेरकडच्या. त्यांनी समोरचा ट्रे हातानं बाजूला सारला. "पोरी, सोनं बावीसनंच जोयजे," एवढंच म्हणाल्या.

मी मधे बोलले, कारण हा विषय माझ्या घरचा आहे. माझे वडील कारागीर होते. पेढीच्या मागच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून, त्यांनी आयुष्यभर खडे बसवले. त्या दिवशी दुकानात जे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे. साखरपुड्याची अंगठी हा बहुतेक घरांत खड्याचा पहिलाच दागिना असतो, आणि खड्याच्या दागिन्याचे नियम पाटल्या-बांगड्यांच्या नियमांपेक्षा वेगळे असतात.

आजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे आधी सांगते. खान्देशात सोनं म्हणजे अडीनडीचा पैसा. कपाशीला बोंडअळी लागली, केळीचा भाव पडला, बोअरला पाणी लागलं नाही, की घरातल्या बाईला पहिली आठवण कपाटातल्या पाटल्यांची येते. ते सोनं मोडीला घालायचं असतं, म्हणून ते जितकं शुद्ध तितकं बरं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते याच शुद्धतेच्या लौकिकामुळे; बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं इथे सोनं घ्यायला येतात. पण अंगठीत खडा आला की सोन्याला दुसरं काम लागतं. पाटलीतल्या सोन्याला काही धरून ठेवायचं नसतं. अंगठीतल्या सोन्याला एक कठीण, गुळगुळीत, मोलाचा खडा दिवसरात्र पकडून ठेवायचा असतो, तोही हाताच्या सगळ्या धबडग्यात.

बावीस आणि अठरा यांत नेमकं काय बदलतं

'कॅरेट' हा शब्द मराठीत दोन कामं करतो आणि त्यातूनच अर्धा घोळ होतो. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन: १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. 'तीस सेंटचा हिरा, अठरा कॅरेटमध्ये' असं दुकानदार म्हणतो, तेव्हा पहिला आकडा खड्याच्या वजनाचा असतो आणि दुसरा सोन्याच्या शुद्धतेचा.

सोन्याचे २४ भाग धरले तर २२ कॅरेटमध्ये २२ भाग सोनं आणि २ भाग तांबं-चांदीसारखे धातू असतात. १८ कॅरेटमध्ये १८ भाग सोनं, ६ भाग इतर. हॉलमार्कवर हेच हजारात लिहितात: २२ ला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५. म्हणजे ५ ग्रॅमच्या अंगठीत २२ कॅरेट असेल तर ४.५८ ग्रॅम शुद्ध सोनं, १८ असेल तर ३.७५ ग्रॅम. अठराचं सोनं खोटं नाही. त्यात सोनं कमी आहे आणि त्याचे पैसेही कमी पडतात. बावीसचा भाव शंभर धरला तर अठराचा साधारण ८२ बसायला हवा. दुकानात गेल्यावर हे गणित मोबाईलवर करून बघा. बिलात भाव त्याहून चढा लावला असेल तर तिथेच विचारा.

मग इतर धातू घालायचेच कशाला? शुद्ध सोनं मऊ असतं. इतकं मऊ की पातळ पट्टी हातानं वाकते. धातूच्या आत कण एकावर एक थरांनी रचलेले असतात. सगळे कण एकाच मापाचे असले की थर एकमेकांवरून सहज सरकतात, जसा एकसारख्या गोट्यांचा ढीग जरा धक्का लागला की घसरतो. त्यात लहान मापाच्या गोट्या मिसळल्या की सरकणं अडतं. तांब्याचा कण सोन्याच्या कणापेक्षा लहान असतो, म्हणून तांबं मिसळलं की सोनं ताठ होतं. बावीसमध्ये ही अडवणूक थोडी असते, अठरामध्ये पुरेशी.

याचा अनुभव मी स्वतःच्या हातावर घेतला आहे. माझ्या साखरपुड्याच्या अंगठीत चार बारीक नख्यांवर, म्हणजे खडा पकडून ठेवणाऱ्या सोन्याच्या टोकांवर, बसवलेला छोटा हिरा होता आणि सोनं बावीसचं. ती वडिलांनी केलेली नव्हती, सासरकडून एका पेढीतून आली होती. वडिलांनी बघताक्षणी सांगितलं, "नख्या पातळ आहेत, रोज घालू नको." मी घातली. नवी नवरी अंगठी कपाटात कशी ठेवणार? तिसऱ्या हिवाळ्यात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळून हात धुतला, तर कोंदण रिकामं. पीठ चाळलं, परात पाहिली, मोरीची जाळी उपसली. हिरा मिळाला नाही. वडिलांनी अंगठी भिंगाखाली धरली. एक नखी बाहेरच्या बाजूला वळलेली होती आणि शेजारची झिजून टोकाला कागदासारखी झाली होती. ती एका दिवसात वळली नव्हती. भांडी, धुणं, केस विंचरणं, ओढणीत अडकणं, यातून रोज केसभर करत ती उघडत गेली होती.

म्हणून माझं मत ठाम आहे. खडा उघड्या नख्यांवर बसवायचा असेल आणि अंगठी रोज घालायची असेल, तर सोनं १८ कॅरेट घ्या. १४ सुद्धा चालेल. ते आणखी कडक असतं, फक्त पिवळेपणा थोडा फिका पडतो. बावीसचाच आग्रह असेल तर खडा बंद कोंदणात बसवा, म्हणजे चारी बाजूंनी सोन्याची भिंत असलेल्या घरात. आजींना दुकानात मी हेच सांगितलं: अंगठी अठराची घ्या, आणि पाटलीला एक ग्रॅम जास्त लावा. बचत पाटलीत राहू द्या.

पांढरं, गुलाबी, प्लॅटिनम

हल्ली मुलींना पांढऱ्या धातूची अंगठी आवडते. पांढरं सोनं खाणीतून निघत नाही. पिवळ्याच सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून त्याचा रंग उडवतात. तरी ते किंचित पिवळसर-राखाडीच राहतं, म्हणून वरून रोडियम या धातूचं पाणी चढवतात. दुकानातल्या दिव्याखाली जी आरशासारखी शुभ्र चमक दिसते ती त्या पाण्याची. रोज वापरातल्या अंगठीवरचं हे पाणी वर्ष-दोन वर्षांत बोटाच्या खालच्या बाजूनं उतरायला लागतं आणि पुन्हा चढवून घ्यावं लागतं. यात फसवणूक नाही, पण विकताना हे सांगायला हवं. आपल्या तालुक्याच्या गावी रोडियम चढवणारा कुणी आहे का, हे आधी विचारा. शहाद्याहून किंवा चोपड्याहून दर वेळी त्यासाठी जळगाव-धुळे गाठायला लागलं, तर दोन खेपांनंतर अंगठी डब्यातच पडून राहते. कानातल्या खोट्या दागिन्यांनी ज्यांची कातडी लाल होते, खाजते, त्यांनी निकेल नसलेलं पांढरं सोनं मागून घ्यावं. ती खाज बहुतेक वेळा निकेलचीच असते.

गुलाबी सोन्यात तांब्याचं प्रमाण जास्त असतं, एवढाच फरक. त्याचा रंग आतूनच तसा असतो, वरून काही चढवावं लागत नाही. गव्हाळ, सावळ्या हातावर ते फार छान दिसतं.

प्लॅटिनम ९५० म्हणजे हजारात ९५० भाग प्लॅटिनम. ते मुळातच पांढरं आहे, पाणी चढवायला नको. जड इतकं की तीच अंगठी १८ कॅरेट सोन्यात केली तर जेवढं वजन भरेल, त्यापेक्षा सुमारे तिसरा हिस्सा जास्त भरतं. भाव विचारताना हे विसरू नका. त्यावर ओरखडे उठतात, पण धातू झडत नाही, बाजूला सरकतो. म्हणून प्लॅटिनमच्या नख्या वर्षानुवर्षं टिकतात. अडचण दुसरीकडे आहे. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशांना. सोन्यासाठी वापरतात ती साधी भट्टी-फुंकणी इथे पुरत नाही, वेगळी सामग्री आणि वेगळा हात लागतो. म्हणजे अंगठी सैल-घट्ट करायची झाली तर गावातला सोनार ती करू शकणार नाही. लहान गावात प्लॅटिनमची मोड चांगल्या भावानं घेणारा सराफही शोधावा लागतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या जोडप्याला प्लॅटिनम जरूर सुचवेन. शेतीवर राहणाऱ्यांना नाही.

चांदीची अंगठी साखरपुड्यात हौसेनं घालायला हरकत नाही, पण मोलाचा हिरा चांदीच्या नख्यांवर बसवू नका. चांदीही मऊच.

पैसे वाचवण्याची एक जागा इथे सांगून टाकते. हिऱ्याला रंगाची प्रतवारी असते. अगदी रंगहीन हिरा महाग, किंचित पिवळसर झाक असलेला स्वस्त. पांढऱ्या धातूत ती झाक उठून दिसते. पिवळ्या सोन्यात ती सोन्याच्या रंगात मिसळून जाते आणि साध्या डोळ्याला कळत नाही. पिवळी अंगठी घेणार असाल तर वरच्या रंगासाठी जास्तीचे पैसे घालू नका. तेच पैसे हिऱ्याच्या पैलूंकडे वळवा. आणि हिरा पांढराशुभ्रच हवा असेल तर अंगठीचं कडं पिवळं ठेवून फक्त नख्या पांढऱ्या सोन्याच्या करून घेता येतात. वडील असंच करत, आणि लोकांना वाटे की हिराच जास्त चांगला आहे.

हिरा बसवायचा कसा

खडा बसवण्याच्या जागेला आपल्या भाषेत कोंदण हा सुंदर शब्द आहे. दुकानात 'सेटिंग' म्हणतात. प्रकार डझनभर आहेत, पण रोजच्या हातासाठी खरा निर्णय एकच: खडा उघडा ठेवायचा की वेढायचा.

उघडा म्हणजे नख्यांवर, ज्याला प्राँग म्हणतात. यात धातू कमी दिसतो, खडा जास्त दिसतो. सहा नख्यांवर हिरा उंच उचलून धरायची पद्धत अमेरिकेतल्या टिफनी कंपनीनं १८८६ मध्ये आणली आणि जगभर साखरपुड्याच्या अंगठीचं तेच चित्र रूढ झालं. चार नख्या की सहा, याचा विचार दिसण्यापुरता करू नका. चारपैकी एक गेली तर खडा एका बाजूला मोकळा होतो आणि पडतो. सहापैकी एक गेली तर उरलेल्या पाच त्याला सांभाळतात आणि तुम्हाला कारागिराकडे जाण्याइतका वेळ मिळतो. चारच हव्या असतील तर त्या जाड हव्यात. नखीचं टोक गोल आणि खड्याला पूर्ण टेकलेलं असावं. टोकाखाली फट दिसली तर ती अंगठी परत ट्रेमध्ये ठेवा.

नख्यांची उंची हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. उंच कोंदण शोकेसमध्ये झळकतं आणि घरात सगळीकडे अडकतं. कपाशी वेचणाऱ्या हातात तर बोंडाचा धागा हमखास नखीखाली जातो, आणि ओढून काढताना नखी उचलली जाते. लहान बाळ असेल तर त्याच्या गालाला ओरखडा बसतो. भाची नर्स आहे, भुसावळच्या एका दवाखान्यात. तिचे रबरी हातमोजे उंच नखीनं पहिल्याच दिवशी फाटले असते. तिला कामावर अंगठी काढूनच ठेवावी लागते. पण काढणं-घालणं रोजचं झालं की विसरणं आलं, म्हणून काढल्यावर अंगठी ओवून ठेवायला गळ्यातली साखळीही ठरवून घेतली.

वेढलेल्या कोंदणाला बेझल म्हणतात. खड्याच्या कडेभोवती धातूची सलग पट्टी उभी करून ती आतल्या बाजूला दाबतात. काही अडकत नाही, खड्याची कड झाकली जाते. ही कड झाकणं फार मोलाचं आहे. हिरा जगातला सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ, कठीणपणाच्या मोजपट्टीवर १०. त्यामुळे त्याला काही होत नाही असं लोक समजतात. कठीण म्हणजे त्यावर ओरखडा उठत नाही. पण ठराविक दिशेनं जोरात घाव बसला तर हिऱ्याचा टवका उडतो, आणि तो बहुधा कडेचाच. खलबत्ता, वरवंटा, पितळी हांडा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फळी, असल्या गोष्टींवर हात आपटला की घाव कडेलाच लागतो.

बेझलबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: 'बाजू बंद केल्या की हिऱ्यात उजेड जात नाही, तो मेल्यासारखा दिसतो.' नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात उजेड वरच्या बाजूनं शिरतो, खालच्या तिरप्या पैलूंवर आपटतो आणि परत वरूनच बाहेर येतो. हिऱ्यात उजेड फार जोरात वळतो, म्हणून तो खालून निसटू शकत नाही. म्हणजे चमक पैलूंच्या कोनांवर असते. पैलू चुकीच्या कोनात पाडलेला हिरा उघड्या नख्यांवरही काचेसारखा दिसेल. बेझलमध्ये खडा किंचित लहान दिसतो, हे मात्र खरं. तीस सेंटचा गोल हिरा साधारण ४.३ मिलिमीटर रुंद असतो. कडेवर धातू आला की थोडी रुंदी झाकली जाते. उलट त्या भोवतीच्या चकचकीत पट्टीमुळे अंगठीचा तोंडवळा मोठा दिसतो.

दोन्हींच्या मधला मार्गही आहे: दोन बाजूंना पट्टी, दोन बाजू मोकळ्या. भाचीला शेवटी तोच आवडला.

बाकीचे प्रकार थोडक्यात. दोन पट्ट्यांच्या खाचेत ओळीनं छोटे हिरे बसवतात ते चॅनल. मजबूत असतं, पण अंगठीचं माप बदलणं अवघड होतं. कडंभर बारीक हिरे पेरतात ते पावे. दिसायला अप्रतिम, पण प्रत्येक कणाला धरणारे मणी इतके बारीक असतात की काही वर्षांत दोन-चार कण गळतातच. मधल्या हिऱ्याभोवती बारीक हिऱ्यांचं वर्तुळ करतात ते हॅलो, तिथेही तीच भीती. पूर्ण कड्याभोवती हिरे असलेली अंगठी तर लहान-मोठी करताच येत नाही. बाळंतपणात, वयात बोटांचं माप बदलतं, तेव्हा ती कपाटात जाते.

कुंदन वेगळीच कला आहे. तिथे चोवीस कॅरेट सोन्याच्या पातळ पत्र्याच्या घड्या खड्याभोवती दाबून बसवतात आणि खाली लाखेचं भरण असतं. शुद्ध सोन्याचा मऊपणा इथे गुण ठरतो. पण लाख उष्णतेनं मऊ होते आणि पाण्यानं सुटू लागते, म्हणून कुंदनाची अंगठी समारंभापुरती घाला, रोजच्या धुण्याभांड्यांत नको.

हिऱ्याऐवजी दुसरा खडा

माणिक आणि नीलम कठीणपणात ९, ते रोजच्या वापरात टिकतात. पाचू साडेसात ते आठ, पण आतून भेगाळलेला असतो आणि त्या भेगा तेलानं भरलेल्या असतात. त्याला गरम पाणी आणि धक्का दोन्ही सोसत नाहीत. ओपल साडेपाच-सहाच्या आसपास, मोती अडीच. आता आपल्याकडची धूळ बघा. तिच्यात बारीक वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७. वैशाखात तापी खोऱ्यात जो फुफाटा उडतो तो अंगठीवर बसतो, आणि आपण पदरानं पुसतो तेव्हा सातपेक्षा मऊ असलेल्या प्रत्येक खड्यावर बारीक रेघा ओढत असतो. पाच-सात वर्षांत ओपल आणि मोती निस्तेज होतात ते यामुळे.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा खोटा हिरा नव्हे. तो कार्बनचाच, तितकाच कठीण, तितकाच चमकदार. साध्या डोळ्यानं फरक सांगता येत नाही. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. आपल्या तापीच्या मुखाशी असलेल्या सुरतेत जगातले बहुतेक हिरे पैलू पाडून घेतात आणि तिथेच हे हिरेही मोठ्या प्रमाणावर तयार होतात. खान्देशातून सुरतेला गेलेली माणसं आता घराघरांत आहेत, त्यामुळे 'ओळखीतून स्वस्त आणतो' असं सांगणारा एखादा भाऊ प्रत्येकाला असतो. आणू द्या, पण सोबत आयजीआय किंवा जीआयएसारख्या संस्थेचा दाखला हवा, आणि तो हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. प्रयोगशाळेतला हिरा परत विकायला गेलात तर फार थोडे पैसे येतात. तो घालण्यासाठी घ्या, साठवण म्हणून नाही.

दाखल्याचा नंबर बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर लेझरनं कोरलेला असतो. बेझलमध्ये बसवल्यावर ती कड झाकली जाते. म्हणून खडा बसवण्याआधीच भिंगातून तो नंबर दाखल्याशी ताडून बघा.

बिल आणि बोटाचं माप

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवाच. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन गोष्टी शोधा: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, आणि हा सहा खुणांचा क्रमांक. याच ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये क्रमांक टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. बांगडीचा क्रमांक अंगठीवर दिसला तर सावध व्हा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे, आणि कुंदन-पोलकी-जडावालाही. हलकी, नाजूक अंगठी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पावणेदोन ग्रॅमच्या अंगठीवर खूण नसली तर दुकानदार कायदा मोडत नाही, पण तुमच्याकडे शुद्धतेचा पुरावाही राहत नाही. मी तर म्हणेन, खड्याची अंगठी इतकी हलकी घेऊच नका. कडं तळाशी दीड मिलिमीटरपेक्षा पातळ असलं की ते वाकडं होतं, आणि कडं वाकलं की कोंदण सैल पडतं.

बिलात एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. खडा सोन्याच्या भावानं मोजला जाता कामा नये. तीस सेंटचा हिरा ०.०६ ग्रॅमच भरतो, तिथे फार फरक पडत नाही. पण मोठ्या पांढऱ्या अमेरिकन डायमंडच्या अंगठ्यांत हा फरक बराच होतो. हिऱ्याची किंमत, घडणावळ आणि जीएसटी यांच्या ओळी वेगवेगळ्या हव्यात. घडणावळीत घासाघीस होते, संकोच करू नका. मोडीचा नियम तोंडी ऐकू नका: सोनं किती टक्क्यांनी परत घेणार, हिरा किती टक्क्यांनी, हे बिलाच्या पाठीवर लिहून घ्या.

आणि माप. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि बोटं सुजतात. भर दुपारी उन्हातून येऊन माप दिलेली अंगठी डिसेंबरात गळून पडते. उलट थंडीच्या सकाळी दिलेलं माप आखाजीला बोटात अडकतं. सावलीत अर्धा तास बसून, पाणी पिऊन, संध्याकाळच्या सुमाराला माप द्या, शक्य असेल तर दोन वेगळ्या दिवशी. अंगठी पेरावरून उतरताना थोडी अडली पाहिजे. सहज निघणारी अंगठी कधीतरी आपोआप निघते. ज्यांचं पेर जाड आणि बोटाचं मूळ बारीक आहे, त्यांनी आतल्या बाजूला दोन छोटे मणी लावून घ्यावेत, म्हणजे अंगठी फिरत नाही.

नवरदेवाच्या अंगठीकडे कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. जावई रावेरकडचा, घरची केळीची बाग. त्याच्यासाठी खडा नसलेलं, गोलसर कडांचं साधं कडं घेतलं, आणि तिथे बावीस कॅरेट आजींच्या मनासारखं झालं. धरायला खडा नाही, तर मऊपणानं बिघडत नाही. पण त्याला मी बजावून सांगितलं आहे: कडबा कुट्टी, थ्रेशर, पंपाचा पट्टा, यांच्याजवळ जाताना अंगठी काढायची. ट्रॉलीवरून उडी मारताना अंगठी फळीच्या खिळ्यात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. इथे कोणतंही कोंदण आणि कोणताही धातू कामाला येत नाही.

निगा फार नाही. हिऱ्याला तेल-तूप चटकन चिकटतं, आणि खालच्या पैलूंवर तेलकट थर बसला की उजेड वर परतायचा सोडून खालून गळतो. मळका हिरा म्हणून मेल्यासारखा दिसतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, पाच मिनिटं. वाटीत करा, बेसिनवर नको. ब्लीचिंगच्या पाण्यात हात घालताना अंगठी काढा. क्लोरीन अठरा-चौदा कॅरेटमधल्या इतर धातूंवर चढतं आणि बारीक नख्या ठिसूळ करतं. वर्षातून एकदा कारागिराला भिंगाखाली दाखवा.

भाचीची अंगठी मागच्या आठवड्यात तयार होऊन आली: १८ कॅरेट पिवळं सोनं, तीस सेंट, दोन बाजूंनी पट्टी, उंची बेताची. पेढीवर ती हातात घेऊन सगळे कौतुक करत होते. मी वडिलांची एक रीत सांगितली: कोंदणावरून कापूस फिरवून बघा, कुठे तंतू अडकला तर तिथे धातू नीट दाबलेला नाही, दागिना तसाच परत द्यायचा. कापूस कुठून आणायचा म्हणून पेढीवरचा पोरगा इकडेतिकडे बघायला लागला. आजींनी पिशवीतून वातींसाठी आणलेला पुडा काढला, चिमूटभर कापूस घेतला आणि अंगठी डोळ्यांजवळ धरून तिच्या चारी बाजूंनी तो सावकाश फिरवला. डाव्या पट्टीच्या टोकाला एक तंतू राहिला. त्यांनी अंगठी काउंटरवर ठेवली आणि कारागिराला बाहेर बोलवायला सांगितलं.